बावन्न खाचांचे चाक

माझ्या अंगावर एकूण एकशे दोन खुणा कोरलेल्या आहेत. सात वारांच्या, एकतीस तारखांच्या, बारा महिन्यांच्या आणि बावन्न आठवड्यांच्या. बेरीज करून पाहा, बरोबर येईल. तरीही माझ्यात एक खूण कमी आहे, आणि माझी सगळी कहाणी त्या एका खुणेची आहे.

मित्रांनो, मी लाकडाची दिनदर्शिका. वर्ष संपले म्हणून मला कोणी फाडून टाकत नाही. एका फळीमागे चार चाके आणि फळीला चार चौकोनी खिडक्या, एवढाच माझा संसार. कडेने चाक अंगठ्याने सरकवले की खिडकीत पुढची खूण येते. डेन्मार्कमधल्या फ्रेडेरिसिया गावात, विटांच्या एका बसक्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर माझी जागा होती. माझ्या बरोबर खाली टेलिफोन होता.

मला घडवले वीगोने. तो रेल्वेच्या कारखान्यात सुतार होता. जुन्या डब्यांतली बाके मोडीत निघाली तेव्हा त्याने एका बाकाची पाठ घरी आणली आणि १९७४ चा हिवाळाभर तो माझ्यावर खपला. चाके वर्तुळाकार कापली, कडेला खाचा पाडल्या, आकडे तापल्या सळईने डागले. शेवटी जवसाचे तेल चोळले. त्या तेलाचा वास मला अजून आठवतो.

आठवड्यांचे चाक सगळ्यांत मोठे होते, कारण आमच्याकडे माणसे तारखेने बोलत नाहीत. दातांच्या डॉक्टरकडे कधी? छत्तीसमध्ये. पुतणीचे लग्न कधी? चोवीसमध्ये. वर्षाच्या पहिल्या आठवड्यापासून आकडे चालू होतात आणि सोमवारी सकाळी घरोघर एकाने पुढे जातात. शेजारीपाजारी कॉफीला आले की माझ्यासमोर उभे राहायचे. "वीगो, हे तू विकायला काढ," असे म्हणायचे. त्या दिवशी वीगो दुसरा कपही घ्यायचा.

मग १९७६ चा नाताळ आला. नाताळानंतरच्या सोमवारी वीगोने आठवड्यांच्या चाकावर अंगठा ठेवला. खिडकीत बावन्न होते. बावन्नच्या पुढे माझ्या चाकावर एक येतो. पण त्याच्या हातातल्या वर्तमानपत्रावर छापले होते: आठवडा त्रेपन्नावा.

हे कसे, ते सांगते. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. बावन्न आठवड्यांचे होतात तीनशे चौसष्ट. उरलेला एक दिवस, लीप वर्षी दोन, शिल्लक पडत जातात. पाच-सहा वर्षांनी या शिल्लक दिवसांचा एक जादा आठवडा भरतो आणि तो वर्षाच्या शेपटाला लागतो. वीगोला हे ठाऊक नव्हते. वर्षाचे आठवडे बावन्न, हे त्याने शाळेत पाठ केले होते आणि तसेच कोरले होते.

त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. तेवढ्यात त्याची बायको एलिनोर चुलीपासून मागे वळली.

"काय झालं रे?"

"लाकूड फुगलंय. या आठवड्यात चाकाला हात लावू नकोस."

"दोन वर्षं भिंतीवर आहे, आणि आज फुगलं?"

"थंडीत फुगतं. सुतार मी आहे का तू?"

आठवडाभर माझ्या खिडकीत बावन्नच राहिले. पुढच्या सोमवारी त्याने एक आणला आणि सगळे पुन्हा जगाच्या बरोबरीने चालू लागले. पुढच्या हिवाळ्यात नवे चाक कापायचे, असे तो त्या दिवशी स्वतःशी पुटपुटला होता. पण नवे चाक कापायचे म्हणजे जुने चुकले हे सांगायचे. १९८१ ला लाकूड पुन्हा फुगले. १९८७ ला फुगले. १९९२ लाही फुगले. चार वेळा वीगोने जगाचा हिशेब गुपचूप जुळवला. १९९६ च्या वसंतात तो गेला, आणि फुगणाऱ्या लाकडाचे रहस्य त्याच्याबरोबर गेले.

१९९८ च्या नाताळानंतरच्या सोमवारी एलिनोर माझ्यासमोर आली. तिने पेल्यात कॉफी ओतली आणि चाक सरकवले. बावन्नचा एक झाला. मला थोडे तरी अडकता आले असते तर? पण वीगोने मला फार चांगले घासले होते. चाक लोण्यासारखे फिरले. त्या क्षणापासून मी जगाच्या एक आठवडा पुढे होते, आणि घरात हे फक्त मला ठाऊक होते.

आता एलिनोरविषयी सांगायला हवे. तिने एकतीस वर्षे जहाजावर स्वयंपाक केला. देशाच्या मधोमधच्या सामुद्रधुनीवर तेव्हा पूल नव्हता. अख्खी आगगाडी जहाजाच्या पोटात शिरायची, प्रवासी वर येऊन एलिनोरच्या हातचे खायचे आणि पलीकडच्या काठावर गाडी पुन्हा रुळांवर उतरायची. १९९७ ला पूल झाला, जहाज थांबले आणि एलिनोरही घरी बसली. संध्याकाळच्या शाळेत शिवण शिकावे म्हणून गेली, तर त्या वर्गाला जागा नव्हती. इटालियनच्या वर्गाला होती. तिथे तिला कळले की इटलीच्या बुटाच्या अगदी टोकाशी, मेस्सिना नावाच्या गावापाशी, गाड्या अजूनही जहाजात चढतात. त्या दिवशी घरी येऊन ती कोट न काढता बसून राहिली.

तिची मुलगी दोर्ते दूर उत्तरेला शाळेत शिकवायची. एकोणचाळीस वर्षांची, एकटी, बोलायला फटकळ. वीगो गेल्यावर तिने आईला घर विकायला सांगितले होते आणि तेव्हापासून दोघींचे बोलणे हवामानापुरते उरले होते. १९९९ च्या जानेवारीत ती आली आणि कॉफी ढवळत म्हणाली, "मी ग्रीनलंडला चाललेय. तिथल्या शाळेत. पुढच्या नववर्षापासून, तीन वर्षं तरी."

एलिनोरने पावाची सुरी खाली ठेवली.

"मग त्याआधी माझ्याबरोबर इटलीला येतेस?"

"तू? तू हॅम्बुर्गच्या पलीकडे कधी गेली नाहीस."

"म्हणून तर. आगगाडीने जाऊ. विमानात मला कोण काय करतंय ते दिसत नाही."

दोर्ते हसली. त्या स्वयंपाकघरात ती तीन वर्षांनी हसली होती. "मला सुट्टी फक्त बेचाळीसमध्ये असते."

"मग बेचाळीस."

आमच्याकडे शाळांना बेचाळिसाव्या आठवड्यात बटाट्याची सुट्टी असते. पूर्वी पोरे शेतात बटाटे काढायला जायची. आता सगळा देश त्या आठवड्यात बॅगा भरून बाहेर पडतो. दोघींपैकी कोणीही तारीख उच्चारली नाही. बेचाळीस म्हटल्यावर तारीख कशाला बोलायची?

पण इटलीतल्या लॉजवाल्यांना बेचाळीस म्हणजे काय ते कुठे ठाऊक? त्यांना तारीख हवी. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी एलिनोर माझ्यासमोर खुर्ची घेऊन बसली. माझ्या खिडकीत सहा होते, जगात पाच. सहापासून बेचाळीसपर्यंत तिने छत्तीस सोमवार बोटांवर मोजले. दोनदा मोजले, मग कॉफीच्या बिया मांडून तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा उत्तर आले अकरा ऑक्टोबर. तिची मोजणी बिनचूक होती. तिने जिथून सुरुवात केली ती जागा तेवढी चुकीची होती.

मग पत्रे गेली. वेरोनाला एक रात्र, फ्लॉरेन्सला दोन, नेपल्सला एक, मेस्सिनाला एक. एक खोली, दोन खाटा, खिडकी रस्त्याकडे नको. हे वाक्य तिने इतक्या वेळा घोकले की मलाही पाठ झाले. नेपल्सहून उत्तराऐवजी फोनच आला. असुन्ता नावाची घरमालकीण तारेच्या त्या टोकाला इतकी ओरडत होती की माझी फळी थरथरत होती. एलिनोरही ओरडून उत्तरे देत होती. फोन ठेवून तिने दोर्तेला लावला.

"ती विचारते, मुलीचं लग्न झालंय का."

"तिला काय करायचंय?"

"मी सांगितलं, नाही. ती म्हणाली, मग रात्री पोटभर जेवायला घालते."

"आई, तू खोली ठरवलीस का स्थळ?"

"दोन्ही जमलं तर बरं," एलिनोर म्हणाली, आणि पलीकडून हसू आले ते बाहेर माझ्यापर्यंत ऐकू आले.

जूनमध्ये दोर्ते नकाशा घेऊन आली. टेबलावर काळ्या पावाचे तुकडे, हेरिंग माशांची बशी आणि मधोमध इटली. दोघी तासभर भांडल्या. दोर्तेला रोममध्ये उतरायचे होते. एलिनोर म्हणाली, रोम दोन हजार वर्षे उभे आहे, ते कुठे पळत नाही, जहाज मात्र कधीही बंद होते. दोर्ते म्हणाली, "म्हणजे मी दोन दिवस गाडीत बसायचं, का, तर गाडी बोटीत बसताना बघायला." एलिनोर म्हणाली, "हो." शेवटी रोम फक्त गाडी बदलण्यापुरते उरले. तिकिटे, बर्थ, सगळे एलिनोरने स्टेशनवर जाऊन काढले. "तू फक्त शनिवारी सकाळी दहाला इथे ये," ती म्हणाली. "बेचाळीसच्या आधीच्या शनिवारी."

दोर्तेची पाठ माझ्याकडे होती. वळून एकदा माझ्या खिडकीत पाहिले असते तर शिक्षिकेच्या डोळ्याला चूक दिसली असती. पण जी भिंत जन्मभर पाहिली, तिच्याकडे कोण पाहते?

एक इशारा मिळाला होता, तोही वाया गेला. मे महिन्यात एलिनोर दातांच्या डॉक्टरकडे जाऊन तशीच परत आली. "म्हणे पुढच्या आठवड्यात या. त्या पोरीने चुकीचं लिहून घेतलंय," असे ती माझ्याकडे बघत म्हणाली, आणि पुढे म्हणाली, "वीगोचं चाक कधी चुकत नाही." मित्रांनो, आयुष्यात मला पुष्कळ शाबासकी मिळाली. त्या शाबासकीइतके जड मला काही वाटले नाही.

ऑक्टोबरचा आठवा दिवस, शुक्रवार. दोन बॅगा दाराशी उभ्या होत्या. एक एलिनोरची, दुसरी रिकामी, दोर्तेच्या वस्तूंसाठी. दुपारी शाळा सुटायच्या वेळी एलिनोरने फोन फिरवला.

"उद्या थर्मास तू आणतेस का मी भरू?"

"उद्या? उद्या कुठे?"

"कुठे म्हणजे? इटलीला."

"आई, ते पुढच्या शनिवारी. बटाट्याची सुट्टी अजून लागायचीय. सोमवारी मला पाचवीची चाचणी आहे."

"सोमवारी बेचाळीस लागतो."

"सोमवारी एक्केचाळीस लागतो. तुला कुणी सांगितलं बेचाळीस?"

एलिनोरने मान वर करून माझ्याकडे पाहिले. "बाबाच्या चाकाने," ती म्हणाली.

पुढचे तीन तास मी जे ऐकले ते आठवायला नको वाटते. दोर्तेने मुख्याध्यापकांना विचारले. तिघे शिक्षक आधीच आजारी होते, सुट्टी मिळाली नाही. एलिनोरने स्टेशनवर विचारले. सोळा तारखेचे बर्थ ऑगस्टमध्येच संपले होते. सगळा देश त्याच शनिवारी निघतो, हे मी मघाशी सांगितलेच. असुन्ता म्हणाली, कधीही या, घर तुमचेच आहे. पण वेरोनाला पुढच्या आठवड्यात जागा नव्हती, मेस्सिनाचे लॉज पंधरा तारखेनंतर हंगाम संपल्यामुळे बंद होणार होते. पुढच्या शरदात जावे, तर तेव्हा दोर्ते ग्रीनलंडमध्ये असणार होती. दोघींनी मिळून जायचे असेल तर हेच वर्ष होते.

संध्याकाळी दोर्तेचा पुन्हा फोन आला.

"तू जा."

"दोघींचं तिकीट आहे. तुझ्या जागेवर काय, माझी पिशवी झोपवू?"

"झोपव. जहाज बघून ये. नाहीतर मी ग्रीनलंडला बसून तेच आठवत बसेन."

"मी एकटी काय बघू?"

"माझ्यासाठी बघ. आणि कॉफी कशी आहे ते सांग."

शनिवारी दहाला एलिनोर एकटीच निघाली. दुसरी बॅग दाराशीच राहिली. त्यानंतर आठ दिवस माझे एकही चाक फिरले नाही.

सोळा तारखेला सुट्टी लागली तशी दोर्ते आपल्या किल्लीने घरात शिरली. कोट न काढता ती माझ्यासमोर उभी राहिली. मला खिळ्यावरून काढले, टेबलावर पालथे घातले आणि आठवड्यांच्या चाकावर पेन्सिलीचे टोक ठेवून खाचा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

रविवारी एलिनोर आली. चेहरा उन्हाने तांबूस झाला होता. दोर्तेने अंडी तळली आणि दोघी समोरासमोर बसल्या.

"जहाज कसं होतं?"

"गाडीचे चार तुकडे करून आत घेतात. आमच्याकडे तीन करायचे. मी वर गेले. तळलेला भाताचा गोळा खाल्ला. भटारखान्यात डोकावले, तर बाईने हाकललं."

"तू त्यांना सांगितलंस, तूही हेच करायचीस?"

"सांगितलं. मग तिने आत बोलावून बटाटे सोलायला दिले."

दोर्ते हसली. एलिनोर नाही हसली. तिने ताटातले अंडे या कडेचे त्या कडेला केले.

"असुन्ताने दोन ताटं मांडली होती. मी कळवलं होतं, तरी मांडली. म्हणाली, मुलगी उशिरा आली तर. गाडीत तपासनीस प्रत्येक वेळी विचारायचा, ही जागा कुणाची. शेवटी शेवटी मी सांगायचे, ती डब्याच्या टोकाला गेलीय, येईल."

थोड्या वेळाने दोर्तेने मला पुढे ओढले. "बाबाने बावन्नच खाचा पाडल्यात. कधीकधी त्रेपन्न लागतात. ब्याण्णवला त्याने काय केलं होतं?"

एलिनोर हळूच म्हणाली, "नाताळात लाकूड फुगतं म्हणायचा."

"लाकूड नाही फुगलं. बाबा फुगला होता."

"त्याला असं बोलू नकोस."

"मग कसं बोलू? त्याला माहीत होतं, आई. एक शब्द सांगायचा होता."

बटाट्याची सुट्टी त्या दोघींनी त्या स्वयंपाकघरात काढली. पत्ते खेळल्या, बागेतली पाने गोळा केली, आणि एलिनोरने मेस्सिनाची सामुद्रधुनी दोर्तेला इतक्यांदा सांगितली की शेवटी दोर्तेच तिला अधलेमधले शब्द सुचवू लागली. पण सांगितलेला समुद्र आणि पाहिलेला समुद्र यांत फरक असतो. तो दोघींनाही कळत होता.

जानेवारीत दोर्ते गेली. त्याच आठवड्यात एलिनोरने मला उतरवले आणि बाहेरच्या खोलीत, जोड्यांच्या फळीशेजारी, तोंड भिंतीकडे करून ठेवले. माझ्या खिळ्यावर बँकेची कागदी दिनदर्शिका आली. मी रागावले नाही. फक्त तिथे ओले जोडे यायचे, बर्फाचे पाणी माझ्या कडेने मुरायचे आणि माझी चाके घट्ट होत गेली. मित्रांनो, वीगोचे खोटे अखेर खरे झाले. माझे लाकूड फुगले.

त्या अंधारात मला विचार करायला खूप वेळ मिळाला. मला बनवताना चूक झाली, याचे मला दुःख नाही. चूक कोणाच्याही हातून होते. पण जिचा दोष ठाऊक आहे अशी वस्तू तुमच्याकडे असेल, एखादे अडणारे कुलूप, मागे पडणारे घड्याळ, एका बाजूने तापणारी शेगडी, तर तो दोष मनात सांभाळून ठेवू नका. तुमच्यानंतर ती वस्तू ज्याच्या हाती जाईल त्याला सांगून ठेवा. वस्तूला तेल लावणे ही काळजीच आहे. पण तिच्याविषयी खरे सांगणे ही त्याहून मोठी काळजी आहे. वीगोने माझ्यावर तेलाची बाटली रिती केली. एक वाक्य मात्र खर्च केले नाही.

तीन वर्षांची साडेतीन झाली. २००३ च्या उन्हाळ्यात दोर्ते परतली आणि आमच्याच गावच्या शाळेत लागली. मला तिने भिंतीकडून फिरवले, धूळ पुसली आणि चाक सरकवून पाहिले. चाक हलले नाही. तिने जोर केला नाही.

"या बेचाळीसला जाऊया," ती आतल्या खोलीकडे बघत म्हणाली. "तारीख मी काढते."

एलिनोर काठी टेकत दाराशी आली. मागल्या हिवाळ्यात तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले होते. "रोमला गाडी बदलताना मी चालले ते पाचशे मीटर तरी होतं. मधे बसायला काही नाही."

"मग आधी बघू, किती जमतं ते."

दोर्तेने शाळेतून मुलांना अंतर शिकवायचे चाक आणले होते. लांब दांड्याचे, प्रत्येक मीटरला एकदा टक् करणारे. उंबऱ्यावर तिने त्याचा आकडा शून्यावर आणला. दार उघडेच होते. एलिनोरने काठी उजव्या हातात घेतली, डावा हात दोर्तेच्या कोपरात घातला आणि दोघी स्टेशनच्या दिशेने निघाल्या. टक्, टक्, टक्. सुरुवातीला आवाज जवळजवळ येत होते. मग त्यांच्यातले अंतर वाढत गेले, आणि कोपऱ्यापुढे ते मला ऐकू येईनासे झाले.

बऱ्याच वेळाने दोर्ते खुर्ची न्यायला धावत आत आली. हातात उचलून आणलेले मोजायचे चाक तिने माझ्याशेजारी भिंतीला टेकवले. त्याचा आकडा माझ्या बरोबर समोर होता.

एकशे ऐंशी मीटर.